फ्रेममध्ये माणूस नको

३ नोव्हेंबर १९९६, रविवार

अखेर जागा सापडली. दोन वर्षं कसारा घाटात हिंडतोय, पायांत काटे मोडून घेतोय, पण अशी जागा नव्हती मिळाली. आग्रा रोडला स्कूटर लावायची आणि कारवीतून खाली उतरायचं, की ठाकरांचा एक लहानसा पाडा लागतो. त्यातल्या शेवटच्या घराचं खळं थेट रुळांच्या डोक्यावर आहे. खाली मोठं वळण. पुढचं इंजिन, सगळे डबे आणि मागून ढकलणारी इंजिनं, सगळं एका नजरेत येतं. चढ एवढा आहे की गाडी माणसाच्या चालीनं जाते, कण्हत-कुंथत. सपाटीवर पळणाऱ्या गाडीत बघण्यासारखं काय असतं? गाडीचा जीव मेटाकुटीला आलेला बघावा तर घाटात.

खळ्यात एक म्हातारा भात झोडत होता. लखमा त्याचं नाव. "कुठलं भाऊ तुमी?" म्हणाला. शहापूरचा, फोटो स्टुडिओ आहे माझा, असं सांगितलं.

"मंग आमचा फोटू काढा की."

म्हटलं, नाही. आठवडाभर लोकांची तोंडंच काढतो. हनुवटी खाली, मान सरळ, हसा, एवढं नको. पासपोर्ट, लग्न, बारसं, भिंतीवर लावायला मेलेल्यांची मोठी चित्रं. रविवारी मला माणूस नको असतो. माझ्या गाड्यांच्या एकाही फोटोत माणूस नाही, हा माझा नियम आहे. लखमाला काय कळलं कुणास ठाऊक, तो नुसता हसला आणि बसायला पोतं टाकून दिलं.

१० नोव्हेंबर

दिवाळीचा रविवार, म्हणून प्रमिलेनं तोंड फुगवलं. दुकान तिच्यावर टाकून निघालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून माझे रविवार तिच्या गळी उतरत नाहीत.

लखमाच्या बायकोचं नाव सावळी. दुपारच्या पॅसेंजरची शिटी ऐकली की ही बाई हातातलं टाकून खळ्याच्या कडेला जाऊन उभी राहते. म्हणजे बरोबर माझ्या फ्रेममध्ये. "बाई, बाजूला व्हा" म्हटलं, तर ऐकू आल्याचं चिन्ह नाही. गाडी खालून सरकत गेली. तिसऱ्या डब्याच्या दारात हिरवं लुगडं दिसलं, एक हात वर झाला. सावळीनंही हात वर केला. गाडी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी रुपाली व्हती."

मग लखमानं सगळी कथा ऐकवली. पोरगी घाटावर इगतपुरीला दिलेली. जावई भगीरथ सुकट-बोंबील विकतो. रविवारी दोघं खाली येऊन माल भरतात आणि या पॅसेंजरनं परत वर जातात. गाडी इथे थांबत नाही, आणि जावई तिला माहेरी पाठवत नाही. सासरा-जावयाचं लग्नातच काही तरी बिनसलेलं.

"मग तुम्हीच का जात नाही भेटायला?" मी विचारलं.

"बोलावल्याबिगर पोरीच्या दारात जायचं नाय. आमच्यात रीतच हाय तशी."

"आणि ती बोलावणार कशी?"

"केस सोडंल की. अंबाडा असंल तर समजायचं, बरी हाय. केस मोकळं सोडून दारात उभी रायली, तर आमी बापई मानसांनी रुळारुळानं वर जायचं न् त्याच दिशी पोरीला घेऊन यायचं. मंग कुनी काय म्हनत नाय. ही बारकी तशीच आनली." बारकी म्हणजे शेजारच्या घरची पोर; तिथेच सूप घेऊन बसली होती, तिनं मान खाली घातली.

मजेशीर लोक. बिनतिकिटाचं टपाल आहे यांचं. पण त्यापायी माझी फ्रेम दर रविवारी नासवायची म्हणजे अति झालं.

२४ नोव्हेंबर

आज जेवण गेलं नाही, इतका आनंद झालाय. कसारा स्टेशनवरच्या चहावाल्यानं सांगितलं आणि आत जाऊन पक्कं करून आलो. कुठल्याशा समारंभासाठी एक जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त केलंय, आणि चाचणी म्हणून पंधरा दिवसांनी रविवारची दुपारची पॅसेंजर त्याला जोडून घाट चढवणार आहेत. वाफेच्या भरवशावर कोण राहील, म्हणून मागून डिझेल इंजिन धक्का द्यायला. पुढे वाफ आणि मागे डिझेल! या घाटात विजेच्या वायरी इतक्या आधी आल्या की माझ्या वडिलांनीसुद्धा इथे धुराची गाडी चढताना पाहिली नसेल. मला ती बघायला मिळणार, आणि तीही त्या खळ्यावरून.

प्रमिलेला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी पाटलांचं लग्न आहे, आगाऊ सांगून गेलेत ते." लग्नं काय, होतच असतात. दुसरा फोटोवाला पाठवीन.

१ डिसेंबर

रंगीत तालीम केली. नेहमीच्याच पॅसेंजरवर. सावळी पुन्हा आडवी. तिच्यामागून बारकी आली, तिच्यामागून दोन शेरडं. आज नीटच समजावून सांगितलं. म्हटलं, पुढच्या रविवारी गाडी जाईपर्यंत पाड्यातलं एकही माणूस कडेला दिसता कामा नये. असा फोटो जन्मात एकदा मिळतो.

लखमा तयार झाला. चहापत्ती, साखर आणि बिस्किटांचे पुडे नेले होते, त्यामुळे त्याला नाही म्हणवेना. सावळी मात्र अडून बसली.

"मना रुपालीला बघायचंय. मागल्या रविवारी ती दारात आलीच नाय. आज आली तर हात नाय केला."

"एका रविवारानं काय होतं? घरामागे बसा. मी बघतो ना." कॅमेऱ्याची लांब लेन्स तिच्या डोळ्याला लावून दाखवली. समोरच्या डोंगरावरचं वानर तिला हाताशी आल्यासारखं दिसलं. "तुमच्यापेक्षा मला जास्त दिसेल. अंबाडा आहे की नाही तेवढंच सांगायचं ना?"

"तेवढंच. पन नीट बघा भाऊ. हिरवं लुगडं. तिसरा डबा."

"शब्द दिला," म्हटलं. बिचारी लगेच उठून माझ्यासाठी भाकरी थापायला गेली. साधी माणसं आहेत, घोळात घ्यायला वेळ लागत नाही.

८ डिसेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

आधी आवाज आला. विजेच्या इंजिनाला आवाज असतो, पण दम नसतो. याला दम लागत होता. खालच्या बोगद्याच्या तोंडातून आधी धूर बाहेर पडला, मग इंजिन. काळं, ओलं, थांबतंय की काय असं वाटत चढणारं. चाकं घसरायची, पुन्हा धरायची. मागचं डिझेल घोंघावत होतं. वारा घाटावरून खाली येत होता, त्यामुळे सगळा धूर डब्यांवरून मागे लोळत होता. हवा होता तस्सा. पाडा गप्प. सगळ्यांना लखमानं घरामागे कोंडलं होतं. कडेला मी एकटा.

आणि नेमकं, ज्या क्षणाला सगळं जुळून आलं त्याच क्षणाला तिसऱ्या डब्याच्या दारात एक बाई. हिरवं लुगडं नेसलेली, केस पार कमरेपर्यंत मोकळे, अंगात आल्यासारखी. एका हातानं दांडी धरून वर खळ्याकडे बघत होती. दुसरा दंड आतून कुणी तरी धरला होता. मी ओरडलोसुद्धा, "अगं आत हो!" तिला ऐकू आलं असावं, कारण ती माझ्याकडे बघून जोरजोरात हात हलवायला लागली. म्हणजे आणखीनच फ्रेममध्ये. नशिबात नसतं एकेक. तरी बटण दाबलंच.

गाडी वळणाआड गेली. फिल्म गुंडाळत होतो तेवढ्यात सावळी धावत आली. "दिसली का भाऊ?"

"दिसली."

"अंबाडा व्हता?"

"हो हो, होता." तिला तेव्हा वाटेला लावणं जरूर होतं, फिल्मला ऊन लागलं असतं तर सगळंच गेलं असतं. बाईचा चेहरा केवढा उजळला. जाताना भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पानात बांधून दिली. चटणी झकास होती.

९ डिसेंबर

डार्करूममध्येच होतो दिवसभर. फोटो अप्रतिम आलाय, आणि ती बाई त्याहून स्पष्ट आलीय. प्रमिला चहा घेऊन आली, ट्रेमधल्या ओल्या प्रिंटकडे बघत उभी राहिली.

"ही कोण हो?"

"असेल कुणी."

"ओरडतेय असं वाटतं. आणि केस असे सोडून का उभीय?"

"न्हाली असेल, वाळवत असेल. बायकांचं काय सांगावं."

प्रमिला म्हणाली, "गाडीच्या दारात?" चहा तिथेच ठेवून गेली. तिला इंजिन दिसलंच नाही. एवढी वर्षं स्टुडिओत बसते, पण चित्र कसं बघायचं हे शिकली नाही. प्रिंट कचऱ्याच्या डब्यात टाकला. माणूस असलेला फोटो मी ठेवत नाही.

आता खरं सांगायचं तर मलाही रात्री जरा चुकल्यासारखं झालं. पण गाडीत हिरव्या लुगड्याच्या बायका काय एकच असतात? आणि मी रुपालीला जवळून कधी पाहिलेलं नाही.

१५ डिसेंबर

खळ्यात भात तसंच पडलेलं. पाड्यातली झाडून सगळी माणसं लखमाच्या दारात बसलेली. रुपाली गुरुवारी गेली. वरच्या बोगद्याच्या तोंडाशी रुळाकडेला सापडली. भगीरथ सांगतो, या वेळी गुरुवारीच माल आणायला खाली येत होतो, दारात उभी होती, तोल गेला. तिला दारात उभं राहायची खोडच होती, सगळ्या गाडीला ठाऊक आहे.

भगीरथ तिथेच भिंतीला टेकून बसला होता. धडधाकट माणूस. डोळे कोरडे. पोलीस आले होते तेव्हा त्यांनी लखमाला विचारलं होतं, कुणावर संशय आहे का. लखमानं रविवारपर्यंत मुदत मागून घेतलेली. कशाला, ते मला कळेना. मग सावळी उठली आणि सगळ्यांच्या समोर माझ्यापुढे येऊन बसली.

"भाऊ, मागल्या रविवारी तुमी बघितलंत ना? अंबाडा व्हता ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भगीरथसुद्धा.  पण एकदा सांगून बसलेलो. आता वेगळं बोललो असतो तर पोलीस, जबानी, कोर्ट, निगेटिव्ह जप्त. माझं निगेटिव्ह!

"होता," म्हटलं.

सावळी हळूच म्हणाली, "मंग पडलीच आसंल." लखमानं डोक्यावरचं मुंडासं काढून तोंडाला लावलं. म्हणाला, "जाऊ दे. संशय नाय म्हनून सांगतो." आणि त्यानं भगीरथला जवळ ओढून घेतलं, दोघं गळ्यात पडून रडले. मला अगदी गहिवरून आलं. दोन घरांचं भांडण माझ्या एका शब्दानं मिटलं.

आज एकही फोटो काढला नाही. प्रसंगच तसा होता.

२२ डिसेंबर

अपघातात गेलेल्या माणसाच्या नावानं हे लोक तो गेला त्याच जागी शेंदूर लावून दगड बसवतात. काल वरच्या बोगद्याशी जाऊन बसवून आले म्हणे.

मी आज शहापुरातच. प्रदर्शनाला फोटो पाठवायचाय, नाशिकच्या एका मंडळाचं आहे. ब्लेडनं निगेटिव्ह साफ केलं. पांढरा भाग निगेटिव्हवर काळा असतो, तो खरवडला की चित्रात नुसता अंधार राहतो. चेहरा, हात, लुगडं, सगळं अलगद काढलं. दार आता रिकामं, काळोखं. दाराबाहेर उडालेले केस तेवढे राहिले, पण केस काळे, धूर काळा, वारा एकाच दिशेचा. सांगितल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. हात अजून चांगला आहे माझा.

१९ जानेवारी १९९७

पहिला नंबर. परीक्षक म्हणाले, "या चित्रात यंत्राची एकाकी वेदना आहे." मी वाकून आभार मानले. प्रमिला आली नाही. हल्ली ती ताट वाढते आणि आत जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, "त्या बाईचं काय झालं?" मी म्हटलं, कुठली बाई.

२६ जानेवारी

वाटलं, ज्यांच्या खळ्यावरून हे यश मिळालं त्यांनाही काही द्यावं. मोठा प्रिंट काढला, सागवानी चौकट केली आणि घेऊन गेलो. लखमानं दोन्ही हातांनी घेतला. सावळीनं पदरानं काच पुसली. बराच वेळ बघत होती. मी तिला इंजिन दाखवलं, मागचं डिझेल दाखवलं. तिनं बोट ठेवलं ते तिसऱ्या डब्यावर.

"ह्यो काय हाय?"

"धूर."

"धूर वरनं जातोय. ह्यो दारातनं निघालाय."

"वारा असतो घाटात," मी म्हटलं.

ती बोट फिरवत राहिली, त्या काळ्या पट्ट्यावरून वरून खाली, पोरीचे केस विंचरतात तशी. मग माझ्याकडे बघितलं. "अंबाडा व्हता म्हनलात तुमी."

मी घड्याळ बघितलं आणि उठलो. लखमा दारापर्यंत आला नाही. कारवी चढताना मागून कुणी तरी येतंय असं सारखं वाटत होतं. मागे कुणी नव्हतं. घरी येईपर्यंत अंगाचा घाम वाळला नाही, आणि जानेवारी आहे.

३० जानेवारी

लखमा दुकानात आला. पासपोर्टच्या स्टुलावर बसला, आपण होऊन मान सरळ केली. म्हणाला, "भाऊ, त्या फोटूचा आदीचा फोटू द्या. पोलिसास्नी दाखवायचाय. फोटूबिगर माझं कोन ऐकनार? मीच संशय नाय म्हनून आलोय."

मी निगेटिव्ह काढून उजेडात धरलं. "बघ. दार रिकामं आहे."

"तुमी खरवडलंत."

"फोटो साफ करावाच लागतो, लखमा. तो धंद्याचा भाग आहे. खरवडलेलं परत येत नाही."

तो तरी बसून राहिला. एक गिऱ्हाईक लहान मुलाला घेऊन आलं, तेव्हा उठला. मी बाळाला खुळखुळा वाजवून हसवलं. पडद्यामागे प्रमिला उभी होती, किती वेळ ते ठाऊक नाही.

९ फेब्रुवारी

सावळी कडेला उभी. अंबाडा सोडलेला, पांढरे केस खांद्यांवर, तोंड गाडीकडे नाही, माझ्याकडे. गाडी आली, गेली. ती हलली नाही. पॅसेंजरमधली माणसं खिडक्यांतून माना काढून बघत होती. बारकीनंही केस सोडले आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. एवढी सुंदर जागा, दोन बायकांनी हट्टापायी वाया घालवली.

११ फेब्रुवारी

डिसेंबरात टाकलेला पहिला प्रिंट आठवला. कचऱ्याचा डबा, त्यामागची रद्दी, सगळं उलथंपालथं केलं. नाही. प्रमिलेला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही ठेवत नाही ना माणसं असलेले फोटो?"

दुपारी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी पिशवीत घालून टोकावड्याला भावाकडे निघाली. शेजारचा हेमंत मघाशी सांगत होता, वहिनी आसनगावला कसाऱ्याच्या गाडीत चढल्या म्हणून. टोकावडं कुठे, कसारा कुठे. लोकांना नीट बघताच येत नाही.

१६ फेब्रुवारी

प्रमिला अजून आलेली नाही. भावाकडे फोन लावला, तो म्हणाला, इथे आलीच नाही. रुसली असेल, येईल. सकाळी भाकरीसुद्धा स्वतः भाजून घेतली.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. नवी जागा मिळाली. त्या खळ्यापेक्षाही सरस. वरच्या बोगद्याच्या तोंडाशी कातळ आहे, तिथून गाडी अंधारातून सरळ अंगावर येते. जवळपास वस्ती नाही, शेरडं नाहीत, येऊन उभं राहणारं कुणी नाही. फ्रेम अगदी मोकळी.

शेंदूर लावलेला एक दगड तेवढा मध्ये येतो. फार मोठा नाही. एका माणसाला उचलता येईल.